सावित्रीच्या मुखापासून स्टॅनमोरपर्यंत : निसर्गचित्रकार जेम्स फोर्ब्स (१७४९–१८१९) याची वाटचाल

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन तालुक्यात, हरिहरेश्वर हे तीर्थक्षेत्र आहे. काळभैरव आणि हरिहरेश्वर यांच्या मंदिरांमागून दगडी पायऱ्या समुद्राकडे उतरतात. ओहोटीच्या वेळी लाटांनी झिजवलेल्या खडकाच्या सपाट कट्ट्यावरून भाविक प्रदक्षिणा पूर्ण करतात. भरतीच्या वेळी हाच मार्ग पाण्याखाली जातो. शतकानुशतके लाटांच्या माऱ्याने येथील कड्यांवर जाळीसारखी छिद्रे आणि खोबण्या पडल्या आहेत. या भूशिराच्या दक्षिणेस सावित्री नदी समुद्राला मिळते आणि खाडीच्या पलीकडे, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोटचा किल्ला उभा आहे.

अठराव्या शतकात हा टापू राजकीय दृष्ट्या अत्यंत गजबजलेला होता. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन आणि त्यांचे कुलदैवत हरिहरेश्वर याच किनाऱ्यावर आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास बाणकोटच्या शेजारी आहे. सिद्दी, आंग्रे, पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी या चारही सत्तांची नजर या खाड्यांवर होती. त्यामुळे या परिसराचा इतिहास प्रामुख्याने लढाया, तह आणि महसूल यांच्या अंगाने लिहिला गेला. त्याच काळात या खाडीत आजारपणामुळे आलेल्या एका तरुण कारकुनाने आयुष्यभर निसर्ग रेखाटण्याचा जो उद्योग केला, त्याकडे मात्र मराठी इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. हा तरुण म्हणजे 'ओरिएंटल मेमॉयर्स' या चार खंडांच्या ग्रंथाचा कर्ता जेम्स फोर्ब्स होय.

प्रस्तुत लेखात फोर्ब्सच्या चित्रकलेची वाटचाल तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ही कला कशातून निर्माण झाली, कशावर पोसली गेली आणि इतिहासाचे साधन म्हणून तिच्यावर किती विसंबावे, हे तीन प्रश्न त्यात प्रामुख्याने विचारात घेतले आहेत.

बाणकोट : कंपनीचे ठाणे

इ. स. १७५५ मध्ये पेशवे आणि कंपनी यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध संयुक्त मोहीम केली. कमोडोर विल्यम जेम्सने एप्रिल महिन्यात सुवर्णदुर्ग घेतला आणि त्यापाठोपाठ बाणकोट कंपनीच्या हाती आले. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुणे दरबाराशी झालेल्या तहाने बाणकोट आणि आसपासची काही गावे कंपनीला कायमची मिळाली. इंग्रजांनी किल्ल्याचे नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे ठेवले. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या जन्मापूर्वीच हे नाव रूढ झाले होते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

बाणकोटहून सावित्रीच्या खाडीतून होडीने दासगावपर्यंत आणि पुढे महाडकडे जाता येत असे. दासगावजवळच्या उन्हाळ्यांना, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांना, रोगनिवारक म्हणून ख्याती होती. मुंबईच्या दमट हवेत प्रकृती बिघडलेले कंपनीचे नोकर तेथे येत. १७७१ मध्ये फोर्ब्स याच कारणासाठी या भागात आला. त्या वेळी त्याचे वय सुमारे बावीस वर्षांचे होते. महाड हे तटबंदी असलेले, मोठे आणि दाट वस्तीचे मराठी शहर असल्याची नोंद त्याने केली आहे.

हा प्रवास फोर्ब्सच्या आयुष्यातील मोठी घटना नव्हती. तरीही त्याच्या कलेची रीत समजून घेण्यासाठी तो महत्त्वाचा आहे. आजारपणामुळे मिळालेली सक्तीची रजा, होडीतून संथपणे सरकणारा काठ, परका प्रदेश आणि जवळ बोलायला फारसे कोणी नाही, ही परिस्थिती त्याच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आली. प्रत्येक वेळी त्याने तिला एकच उत्तर दिले, ते म्हणजे वही उघडणे.

रायटरची नोकरी आणि रेखाटनाची सवय

फोर्ब्सचा जन्म १७४९ मध्ये लंडन येथे झाला. कंपनीच्या सेवेत 'रायटर' म्हणून नेमणूक झाल्यावर तो १७६५ मध्ये जहाजावर चढला आणि १७६६ मध्ये मुंबईस पोहोचला. रायटर ही मुलकी सेवेतील सर्वांत खालची पायरी. दिवसभर पत्रव्यवहाराच्या नकला करणे, हिशेबाच्या वह्या भरणे हे तिचे स्वरूप होते. पगार तुटपुंजा होता. मेणबत्ती विकत घेण्याइतके पैसे नसल्याने चांदण्या रात्री घराच्या गच्चीवर बसून शेक्सपिअर वाचल्याची आठवण त्याने पुढे सांगितली आहे.

त्याची चित्रकला कोणत्याही कलाशाळेत किंवा गुरूच्या हाताखाली घडलेली नव्हती. तिचा उगम पत्रांत होता. इंग्लंडमधील आप्तांना आणि मित्रांना येथील झाडे, पक्षी, मासे, माणसे शब्दांत सांगणे कठीण जाई, म्हणून पत्राच्या जोडीला चित्र आले. त्यामुळे त्याच्या चित्रांचा पहिला प्रेक्षक कलारसिक नव्हता. ज्याने ती वस्तू कधीच पाहिलेली नाही, असा दूरचा माणूस हा त्याचा प्रेक्षक होता. पान कसे फुटते, चोच कशी वळते, फळ कापल्यावर आत काय दिसते, हे चित्रात स्पष्ट असणे म्हणूनच आवश्यक होते. सौंदर्यापेक्षा ओळख पटणे हा त्या चित्रांचा पहिला हेतू ठरला.

या हेतूला त्या काळाचीही जोड मिळाली. लिनियसच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ मध्ये निघाली होती आणि सजीवांचे वर्गीकरण हा युरोपातील सुशिक्षितांच्या आवडीचा विषय बनला होता. दूरच्या वसाहतींतील कारकून, वैद्य, धर्मोपदेशक आणि लष्करी अधिकारी हे या ज्ञानव्यवहाराचे बिनपगारी हस्तक होते. फोर्ब्स त्यांपैकीच एक होता. मात्र त्याच्यासारखे सातत्य फार थोड्यांनी दाखवले.

पश्चिम किनाऱ्यावर जलरंगात काम करणे सोपे नव्हते. पावसाळ्यात कागद ओलसर राहतो, त्याला बुरशी लागते, वाळवी तो पोखरते. मासा पाण्याबाहेर काढला की थोड्याच वेळात त्याचा रंग फिका पडू लागतो. तोडलेले फूल दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून निसर्ग रेखाटणाऱ्याला प्रेरणेची वाट पाहत बसता येत नाही. समोर आलेली वस्तू त्याच दिवशी, बहुधा त्याच प्रहरी, कागदावर उतरवावी लागते. कारकुनीत अंगी बाणलेला नेटकेपणा आणि रोजचे काम रोज संपवण्याची शिस्त येथे उपयोगी पडली, असे म्हणता येईल.

नोकरीच्या बदल्या आणि चित्रांचा प्रदेश

फोर्ब्सने काय रंगवावे हे बहुतांशी कंपनीने त्याला कोठे पाठवले यावर ठरले. १७७२ मध्ये त्याची नेमणूक दक्षिणेस, आजच्या केरळातील अंजेंगो या एकाकी ठाण्यावर झाली. १७७४ मध्ये त्याने घारापुरीच्या लेण्यातील त्रिमूर्तीचे चित्र काढले. १७७५ मध्ये मुंबई सरकार आणि रघुनाथराव यांच्यात सुरतेचा तह झाला. रघुनाथरावांच्या मदतीसाठी कर्नल कीटिंग याच्या हाताखाली जी फौज गुजरातेत गेली, तिच्याबरोबर फोर्ब्स कर्नलचा खाजगी चिटणीस म्हणून होता. मे १७७५ मधील आडासच्या लढाईच्या या मोहिमेकडे मराठी अभ्यासक सामान्यतः बारभाईंच्या कारस्थानाच्या संदर्भात पाहतात. त्याच मोहिमेच्या छावणीत गुजरातची झाडे, पाणवठे आणि पक्षी टिपणारा एक चिटणीसही वावरत होता.

प्रकृतीच्या कारणास्तव १७७६ मध्ये तो मायदेशी गेला आणि काही काळानंतर पुन्हा हिंदुस्थानात परतला. या खेपेस त्याची नेमणूक भडोचला झाली. भडोचजवळ नर्मदेच्या बेटावरील कबीरवडाचे त्याने केलेले वर्णन पुढे युरोपभर गाजले. या एका वटवृक्षाला सुमारे ३५० मोठी आणि ३,००० हून अधिक लहान खोडे असल्याचे आणि त्याच्या सावलीत ७,००० माणसे विसावू शकतात असे त्याने नमूद केले आहे. या आकड्यांत अचूक मोजणी किती आणि स्थानिक सांगी किती, हे तपासण्यासारखे आहे. तथापि झाड पाहताना खोडे मोजावीत, घेर मोजावा, ही वृत्ती त्याच्या चित्रकलेशी सुसंगतच आहे.

१७८० च्या आरंभी जनरल गॉडर्डने डभोई घेतली आणि फोर्ब्स तेथील कलेक्टर झाला. त्या भिंतीबंद प्राचीन नगरात तो इंग्रजांमध्ये जवळजवळ एकटाच होता. महसूल, न्याय आणि बंदोबस्त यांच्या कामातून उरलेला वेळ त्याने वहीला दिला. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि १७८३ मध्ये हा प्रदेश मराठ्यांना परत करण्यात आला. निघताना तेथील रहिवाशांनी भेट देऊ केली, तेव्हा फोर्ब्सने पडझड झालेल्या अवशेषांतील काही शिल्पे मागून घेतली. ती त्याने इंग्लंडला नेली. १७८४ मध्ये त्याने हिंदुस्थान कायमचा सोडला.

दुसरे आयुष्य : नक्कल, बंदिवास आणि ग्रंथ

मायदेशी परतल्यावर कंपनीचे बहुतेक नोकर संपत्ती आणि विश्रांती यांत रमत. फोर्ब्सच्या कलाजीवनाचा उत्तरार्ध मात्र येथूनच सुरू झाला. लंडनजवळच्या स्टॅनमोर येथे त्याने घर घेतले आणि बागेतील छोट्या मंदिरवजा वास्तूत डभोईची शिल्पे बसवली. त्यानंतर त्याने जुनी पत्रे आणि रेखाटने नीट उतरवून मोठ्या आकाराच्या वह्यांत संग्रहित करण्याचे काम हाती घेतले. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार ही सामग्री १५० फोलिओ खंड आणि ५२,००० पृष्ठे इतकी झाली. तिच्यातील एक महत्त्वाचा हस्तलिखित संच आज अमेरिकेतील न्यू हेवन येथे येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संस्थेत आहे.

१८०३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. त्याच वर्षी तो फ्रान्समध्ये असताना इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटले आणि इतर इंग्रज प्रवाशांप्रमाणे त्याला सहकुटुंब व्हर्दां येथे स्थानबद्ध करण्यात आले. सर जोसेफ बँक्स यांच्या मध्यस्थीने आणि फ्रेंच विद्वत्संस्थेतील कार्नो यांच्या प्रयत्नांनी १८०४ मध्ये त्याची सुटका झाली. दोन राष्ट्रांत युद्ध चालू असतानाही निसर्गविद्येचे अभ्यासक परस्परांच्या शब्दाला मान देत, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

अखेर १८१३ मध्ये 'ओरिएंटल मेमॉयर्स' चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात नव्वदहून अधिक चित्रपत्रे होती आणि त्यांपैकी निसर्गविषयक अनेक चित्रे हाताने रंगवलेली होती. ग्रंथकर्त्याचे वय त्या वेळी ६४ वर्षांचे होते. मुंबईच्या बंदरात उतरल्यापासून ४७ वर्षे आणि बाणकोट–दासगावच्या प्रवासापासून ४२ वर्षे लोटली होती. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्याने आपल्या कलेचे जे समर्थन केले आहे, त्यात कीर्तीचा उल्लेख नाही. चार सागरप्रवासांतील कंटाळा, अंजेंगो आणि डभोई येथील एकांत आणि फ्रान्समधील बंदिवास चित्र काढण्यामुळे सुसह्य झाला, एवढेच तो सांगतो. १८१९ मध्ये आखेन येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कन्येने १८३४ मध्ये ग्रंथाची संक्षिप्त दुसरी आवृत्ती काढली.

चित्रे : पुरावा आणि त्याच्या मर्यादा

छायाचित्रणापूर्वीच्या पश्चिम हिंदुस्थानची वनस्पती, प्राणी, वास्तू आणि वेशभूषा यांविषयी फोर्ब्सची चित्रे हे मोलाचे साधन आहे. तथापि ती डोळे झाकून स्वीकारता येणार नाहीत. त्यासाठी तीन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, छापील चित्र आणि मूळ दृश्य यांच्यामध्ये अनेक हात आणि अनेक वर्षे आहेत. जागेवरचे रेखाटन, त्याची पत्रासाठी केलेली प्रत, वृद्धापकाळात वहीत केलेली नक्कल आणि तिच्यावरून लंडनच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर केलेले कोरीव काम अशा पायऱ्या त्यात आहेत. प्रत्येक पायरीवर काही सुधारले जाते आणि काही हरवते. शिवाय ग्रंथात चार्ल्स मॅलेट यांच्यासारख्या इतर अधिकाऱ्यांच्या नोंदींचाही समावेश आहे. म्हणून कोणत्याही चित्राचा आधार घेताना त्याचे स्थळ, काळ आणि तो कितवा उतारा आहे, हे पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

दुसरी गोष्ट फोर्ब्सच्या दृष्टीतील विसंगतीची आहे. पक्षी किंवा वेल समोर असताना त्याची नजर संयमी आणि निरीक्षणनिष्ठ असते. माणसांविषयी लिहिताना मात्र कंपनीचा नोकर आणि धर्मनिष्ठ ख्रिस्ती अशा दोन्ही भूमिका पुढे येतात. १८१० मध्ये त्याने हिंदूंच्या स्वभावाविषयी एक पुस्तिका लिहिली आणि हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्मप्रसार व्हावा असा आग्रह धरला. मराठी राजवटीवरील त्याचे अभिप्रायही तिच्याशी युद्ध करणाऱ्या पक्षाचे आहेत. चित्र खरे म्हणून अभिप्रायही खरा, असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. उलट अभिप्राय पूर्वग्रहदूषित म्हणून चित्रही टाकाऊ, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. वही फोर्ब्सची असली, तरी तिच्यात आलेले झाड त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवले? रानातील फुलाचे स्थानिक नाव कोणी सांगितले? मासा कोणी पकडून आणला आणि कोणता पक्षी कोणत्या ऋतूत येतो हे कोणाला ठाऊक होते? कोळी, माळी, नावाडी, वैद्य आणि नोकर यांच्या ज्ञानावाचून असा संग्रह उभाच राहू शकत नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मात्र एकच नाव आहे.

याच किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी वेगळा पायंडा पडला होता. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचे आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोंकणी वैद्यांचे निवेदन त्यांच्या नावांसह छापले गेले. कोंकणी वैद्यांचे निवेदन तर नागरी लिपीत आहे. फोर्ब्सनंतर थोड्याच वर्षांत पुण्यात आणखी एक उदाहरण घडले. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तेथील गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याची चित्रे काढली. मॅलेटच्या संग्रहामुळे तांबट यांचे नाव टिकले. यावरून नाव नोंदवणे त्या काळात अशक्य नव्हते, हे स्पष्ट होते. त्यामुळे फोर्ब्सच्या ग्रंथातील मौनाचा दोष केवळ त्याच्या काळावर टाकता येत नाही.

निष्कर्ष

फोर्ब्सच्या वाटचालीतून काही निष्कर्ष निघतात. एक, निसर्गचित्रकाराचे आयुष्य केवळ जन्मजात प्रतिभेने घडत नाही. एकांत, नित्याची सवय आणि दूरच्या माणसाला दाखवण्याची ओढ यांतून ते घडते. आजारपण, बदली, युद्ध आणि बंदिवास या अडचणी त्याच्या कलेच्या आड आल्या नाहीत. बहुतेक वेळा त्यांनीच तिला अवकाश मिळवून दिला. दोन, ही कला कंपनीच्या सत्तेच्या आश्रयाने वाढली आणि त्या सत्तेचे पूर्वग्रह तिच्यासोबत आले. चित्राचे मूल्य मान्य करतानाच त्याच्या आश्रयाचा विचार केला पाहिजे. तीन, ज्यांच्या ज्ञानावर ही चित्रे उभी आहेत, त्या स्थानिक माणसांची नावे मोडी दफ्तरे, कंपनीचे पगारपत्रक आणि खाजगी पत्रव्यवहार यांतून शोधणे हे मराठी अभ्यासकांपुढचे काम आहे. दोन्हीकडची साधने वाचू शकणारा अभ्यासकच ते करू शकेल.

आज बागमांडला ते वेश्वी ही फेरीबोट सावित्रीची खाडी काही मिनिटांत ओलांडते. एका तीरावर हरिहरेश्वरचा झिजलेला कडा आणि दुसऱ्या तीरावर बाणकोटचा किल्ला. भूगोल, वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि चित्रकला या चारही विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र नेऊन वही उघडायला लावावी, असे हे स्थळ आहे. तेथे काढलेल्या प्रत्येक चित्राखाली दिनांक लिहिला गेला, आणि त्या झाडाचे नाव सांगणाऱ्या गावकऱ्याच्या संमतीने त्याचेही नाव लिहिले गेले, तर फोर्ब्सच्या ५२,००० पृष्ठांत राहिलेली उणीव काही अंशी भरून निघेल.